बिशपला मेलेलं चालत नाही

१

आमच्या घरात सगळ्यात जास्त नखरे कुणाचे, तर बिशपचे. मी आयुष्यभर पुढ्यात येईल ते खाल्लं. माझी बायको डेल्मा कोबीच्या वासानंही नाक मुरडायची, पण दुसऱ्याच्या घरी वाढला तर मुकाट्यानं गिळायची. बिशप मेलेल्या गोष्टीला तोंड लावत नाही. त्याला जिवंत कोळंबी लागते, तीही समुद्रगवतात सापडते ती काचेसारखी आरपार दिसणारी, आणि ती त्याच्या नाकासमोरून स्वतःच्या पायांनी गेली पाहिजे.

बिशप म्हणजे मासा. जातीनं अँगलरफिश. मुठीएवढा, अंगभर शेवाळासारख्या झिरमिळ्या, तोंड कायम उतरलेलं. त्याला पोहायचा कंटाळा. पुढचे दोन पर हातासारखे टेकत दगडावरून चालतो. कपाळातून केसाएवढी बारीक काडी निघते आणि तिच्या टोकाला मांसाचा इवलासा झुपका. तो झुपका हलवत बसून राहायचं, एवढाच त्याचा उद्योग. एखादा बावळट मासा त्याला किडा समजून जवळ आला की संपला.

डेल्माला तो आमच्या पोर्ट हॅलोरनच्या जेटीवर खेकड्यांच्या जाळ्यात मिळाला. कुणीही परत पाण्यात टाकला असता. ही बादलीत घालून घरी घेऊन आली. लहानपणी आमच्या चर्चमध्ये जे बिशप यायचे, ते असंच तोंड करून बसायचे म्हणे. झालं, नाव पडलं. टाकी ठेवली बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून. त्या खिडकीतून अख्खी जेटी दिसते. मी निवृत्त झाल्यापासून दुपारभर जेटीवरच असायचो, तेव्हा दोघंही एका नजरेत राहतात, असं तिचं म्हणणं.

मी काचेला तोंड लावलं की बिशप माझ्या नाकासमोर झुपका हलवायचा.

"तुला खायचा विचार दिसतोय त्याचा," डेल्मा म्हणायची.

"माझं वजन माहीत नाही त्याला."

वजनाची गोष्ट मी उगाच करत नाही. बंदरावर गव्हाची कोठारं आहेत, तिथल्या वजनकाट्यावर माझी सगळी नोकरी गेली. ट्रकवाला काय सांगतो, डोळ्यांना काय वाटतं, याला किंमत नाही. काटा सांगेल ते खरं.

संध्याकाळी जेवण तयार झालं की डेल्मा अंगणात कपडे वाळत घालायच्या दांड्याशी उभी राहून भांडी पुसायचं फडकं हलवायची. दोनदा जोरात, मग थांबून एकदा. मी जेटीवरून टोपी काढून हलवायचो. त्याचा अर्थ, आलो. हाका मारायची आम्हाला कधी गरज पडली नाही.

२

गेल्या शरदात डेल्मा गेली. ॲडलेडच्या हॉस्पिटलात, हात माझ्या हातात असताना. आमच्याच गावच्या दफनभूमीत पुरली. पहिली मूठ माती मी टाकली. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

जायच्या आधी तिनं बाकी काही मागितलं नाही. "बिशपचं बघशील ना? आणि त्याला फसवायला जाऊ नकोस, नेव्ह. ढोंग त्याला लगेच कळतं," एवढंच म्हणाली.

मग मी बघायला लागलो. ओहोटीला ढोपरापर्यंत बूट चढवायचे, ढकलायचं जाळं घेऊन समुद्रगवतात शिरायचं, कोळंबी बादलीत भरून आणायची, एकेक करून टाकीत सोडायची. सकाळी उठायला ते एक कारण होतं. खरं सांगायचं तर तेवढंच होतं. घर इतकं शांत झालं होतं की टाकीच्या पंपाची घरघर बंद पडली तर मी दचकून उठलो असतो.

मुलगी लिनेट ॲडलेडहून फोन करायची.

"डॅड, तू तिकडे एकटा काय करतोस? इथे खोली रिकामी आहे."

"बिशपला खायला कोण घालेल?"

"त्याला देऊन टाक की कुणाला तरी. मत्स्यालयवाले घेतील."

"घेतील आणि गोठवलेलं घालतील. तो मरेल."

"डॅड, मासा आहे तो."

हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. पण डेल्मानं हातानं वाढवलेली एकच जिवंत गोष्ट या घरात उरली होती. ती जगली पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

३

मग समुद्र नासला.

कसलं तरी शेवाळ पाण्यात फुललं म्हणे. आधी किनाऱ्यावर पिवळट फेस आला, मग मेलेले मासे यायला लागले. शिंपले, खेकडे, पाकट, सगळं ओळीनं वाळूवर. घसा खवखवायचा. सीगल कुठे गेले कुणास ठाऊक. गावानं जेटीच्या तोंडाशी अडसर घातला आणि पाटी लावली. समुद्रगवतात मी जाळं ढकललं तर निव्वळ चिखल आला.

बिशप उपाशी राहायला लागला. मासा वाळतो तेव्हा त्याची कातडी पोटाशी आत जाते. रोज सकाळी मी बघायचो आणि रोज ती जरा जास्त आत गेलेली असायची.

ॲडलेडच्या एका पाळीव माशांच्या दुकानात फोन लावला. तिथली बाई समजूतदार होती.

"गोठवलेली कोळंबी घ्या. पारदर्शक काठीच्या टोकाला लावा आणि त्याच्यासमोर हलवा. जिवंत आहे असं वाटलं पाहिजे."

"त्याला ढोंग कळतं."

"सगळ्यांना कळतं हो, सुरुवातीला," ती हसून म्हणाली. "नेटानं करत राहा. शिकतील."

नंतर मला प्रश्न पडला की शिकतील म्हणजे कोण, तो की मी. काठी आणली, मिठाची पोती आणली, घरीच समुद्राचं पाणी कालवलं. आणि डेल्मानं नको म्हटलेलं काम रोज दुपारी टाकीपाशी खुर्ची ओढून करू लागलो.

४

पहिल्या दिवशी मी काठी चहा ढवळावा तशी हलवत होतो. बिशपनं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मी हलवतच राहिलो. हात भरून आला म्हणून मान वर केली, तर टाकीच्या पाण्यापलीकडे, काचेपलीकडे, जेटीच्या पार टोकाला कुणीतरी उभं होतं. हात वर करून हलवत होतं. एकसारखा, न थांबता, गाडीच्या काचेवरची पट्टी फिरते तसा.

बंद जेटीवर कोण गेलं, म्हणून मी टाकीच्या बाजूनं वाकून नुसत्या खिडकीतून बघितलं. तरीही होतं. उंच माणूस. अंगात गुलाबीसर काहीतरी. असेल कुणी समुद्राचं पाणी तपासणारा. मी पडदा ओढला आणि हीटर लावला.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, कोळंबी फार मोठी आहे, छोटी लावा. मग मी छोटी लावली. त्या दुपारी जेटीच्या टोकावरचं माणूस बुटकं होतं.

कोट आता जांभळा दिसत होता. डेल्माचा होता तसाच जांभळा.

मी दुर्बीण काढली. एवढ्या लांबून दुर्बिणीत काय दिसलं याची साक्ष मी देणार नाही. माणूस पाठमोरं होतं. हातात पांढरं फडकं होतं.

आता काट्यावरच्या माणसासारखा विचार करू, असं मी स्वतःला बजावलं. डेल्माचा कोट लिनेटनं चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकला होता. तो कुणीतरी घेतला असणार. गावात बुटक्या बायका काय कमी आहेत? एखादी जेटीवर जाते आणि हात हलवते. कुणाला हलवते ते आपल्याला काय करायचंय?

असा विचार करून मी व्यवस्थित जेवलो. झोप मात्र आली नाही.

५

"एकसारखं हलवू नका," फोनवरची बाई म्हणाली. "जिवंत प्राणी एकसारखा हलत नाही. दोन झटके द्या, थांबा, मग अगदी हलकेच एकदा."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ काठी हातात घेऊन बसून राहिलो. पण बिशपच्या बरगडीची जागा दिसायला लागली होती. मग केलं. दोन झटके, थांबलो, एकदा.

बिशप पुढे सरकला. पहिल्यांदाच. एक पर उचलला, टेकला. कोळंबीकडे बघितलं, मग काठीवरून नजर वर नेत माझ्या हाताकडे बघितलं आणि परत मागे गेला.

मी खिडकीकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण काठी ठेवायला उठावं तर लागतंच.

दोनदा जोरात. मग थांबून एकदा.

माझा उजवा हात आपोआप डोक्याकडे गेला. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून, नाहीतर मी हलवलीच असती. रडू आलं मला. भीती नंतर आली. आधी आलं ते रडू, आणि पोटात भूक. अंगणातून फडकं दिसलं की लागायची ती.

मग डोकं चालायला लागलं. डेल्मा घरातून जेटीकडे बघून फडकं हलवायची. जेटीवरून घराकडे तिनं कधीच हलवलं नव्हतं. तिथे तिचं काही कामच नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. आदल्या दिवशीपर्यंत त्या हाताला थांबणं माहीत नव्हतं.

६

शेजारची ग्लेनिस पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, घेऊन आली. बिचारी दर आठवड्याला आणते. तिचा नवरा रोली जाऊन बरीच वर्षं झाली. ती त्या जुन्या कपड्यांच्या दुकानात बसते, म्हणून मी जरा आडवळणानंच विचारलं.

"डेल्माचा तो जांभळा कोट, कुणी घेतला गं?"

"कोण घेणार? खिसा फाटलाय. लटकलाय अजून." ग्लेनिसनं बशी खाली ठेवली. मग खिडकीकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून बसली. "का विचारतोस?"

"सहज."

"नेव्ह, सहज काही विचारायची सवय नाही तुला."

पंप घरघरत होता. तिनं बोटांनी पेस्टीचा कडक काठ मोडला आणि तसाच बशीत ठेवला.

"मला रोली दिसतो," ती म्हणाली. "जेटीच्या टोकाला. बियरची बाटली हलवतो, ये म्हणतो. हुबेहूब रे. तो घसरता पायजमासुद्धा."

"मग?"

"मग काय? रोलीला पाण्याची भीती होती. लग्न झाल्यापासून त्यानं जेटीवर पाऊल ठेवलं नाही. दुसरीकडे कुठेही उभा केला असता ना, मळ्यात, पबच्या दारात, तर मी चपला न घालता धावले असते." ती थोडं हसली. "ज्यानं कुणी मांडलंय त्याला रोली माहीत नाही. म्हणून वाचले."



"मी आत, बुरा गावी बहिणीकडे चालले आहे," ती उठताना म्हणाली. "तिथून समुद्र दिसत नाही. तू पण जा लिनेटकडे. शहाणा असशील तर उद्याच जा."

"बिशपचं काय?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला शरम वाटली. दुसऱ्या दिवशी तिच्या घराचे पडदे ओढलेले होते आणि गाडी नव्हती. आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवा लागणारं घर आता माझं एकच राहिलं.

७

कोळंबी काठीला टोचली की लवकर फाटते. म्हणून मी शिवणाचा दोरा घेतला आणि कोळंबीच्या बरोबर मध्यावर बांधला. आता ती पाण्यात हलकी तरंगायला लागली. दोन झटके. थांबलो. एकदा. मग दुकानातल्या बाईनं शेवटचं सांगितलं होतं तेही केलं, जरासं मागे ओढलं. "पळून जाणारं असेल ना, तर खावंसं वाटतं," असं ती म्हणाली होती.

बिशप आला. सावकाश आला. एरवी तो झडप घालतो तेव्हा डोळ्याला दिसतसुद्धा नाही. या वेळी मला सगळं दिसलं. त्यानं कोळंबीकडे बघितलं, दोऱ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळत होतं. डेल्मा खरं बोलली होती, ढोंग त्याला लगेच कळलं होतं, आणि रोज कळत होतं. मग त्यानं तोंड उघडलं आणि मेलेलं आत घेतलं.

भुकेला कोंडा, निजेला धोंडा, असं म्हणतात. मी खुर्चीत बसून मोठ्यानं हसलो, मग लिनेटला फोन लावला.

"त्यानं खाल्लं. आता गोठवलेलं खातो. कुणालाही जमेल. तुलाही."

"अरे वा! म्हणजे आता तू येणार?" तिचा आवाज एकदम आनंदला. "डॅड? आता तर काही अडचण नाही ना? मी शनिवारी येते न्यायला."

"ये. काठी टाकीवरच ठेवतो. दोन झटके द्यायचे, थांबायचं, मग एकदा."

"ते तू इथे आल्यावर दाखव."

"बरं."

"जेवलास का?"

"जेवायलाच निघालो आहे," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही.

८

फोन ठेवला तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. मी खिडकीतून बघितलं.

जेटीचं टोक रिकामं होतं. डेल्मा अलीकडे आली होती. अडसराच्या या बाजूला, वाळू सुरू होते तिथे, आमच्या फाटकापासून हाक ऐकू जाईल इतकी जवळ.

मी बूट घातले. खुंटीवरची टोपी घेतली. दार उघडलं तर तोच नासलेला वास आला, आणि त्याच्याखाली भाजलेल्या मांसाचा आणि बटाट्याचा. रविवारी ती करायची तसा. फाटकापाशी जाऊन थांबलो.

तोंड दिसत होतं आता. तिचंच होतं. मी मघाशी पहिल्या मुठीचं सांगितलं ते एवढ्यासाठी की मला भूल पडली नव्हती. माती कुणावर टाकली हे मला पक्कं आठवत होतं. शिवाय मी काट्यावरचा माणूस. माझी नजर तिच्या पायांकडे गेली. वाळू ओली होती आणि तिच्या पायांखाली दबलेली नव्हती. कोट कमरेशी चिमटीत धरल्यासारखा आत गेला होता, बरोबर मध्यावर. मी दोरा बांधतो तिथे. तिच्या डोक्यावर, खूप वर, मावळतीच्या उजेडात काहीतरी तिरकं उभं होतं, काठीसारखं, काचेसारखं आरपार. त्याच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही. मान तेवढी मागे नेली असती तर दिसलं असतं.

तिनं फडकं हलवलं. दोनदा जोरात. थांबली. एकदा.

मी हललो नाही. वाटलं, घरात जावं, पडदे ओढावेत, शनिवारची वाट बघावी. ॲडलेडची खोली चांगली आहे. लिनेट चांगली आहे. तिथे सगळं जिवंत आहे. पण अंगणातून मला फडकं हलवून बोलावणारं तिथे कुणी नाही. हे सगळं फाटकाला हात लावून मी नीट तोलून पाहिलं.

तेवढ्यात ती जरा मागे सरली. वळली. चालली, माझी वाट बघून कंटाळल्यासारखी.

मी टोपी काढली आणि हलवली.